पंख्याच्या दांडीपाशी खमध्य

२०२४ च्या ऑक्टोबरात दादाच्या घरी गेले तेव्हा वहिनीकडून मी सहा वाट्या मागून घेतल्या. एकीत सुका वाटाणा, दुसरीत तूर, मग ज्वारी, मोहरी, नाचणी आणि शेवटच्या वाटीत चिमूटभर खसखस. आठ वर्षांची भाची त्या ओळीपाशी मांडी घालून बसली. छतावर तारे काढायचे होते आणि कोणता तारा केवढा काढायचा हे ठरवायला आम्हाला मापं हवी होती. व्याध वाटाण्याएवढा. अगस्त्य आणि ब्रह्महृदय तुरीएवढे. रोहिणी, मघा ज्वारीएवढे. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे मोहरीएवढे. बाकी सगळी नाचणी नि खसखस.

ही मापं सहज सुचलेली नव्हती. ताऱ्यांच्या तेजाची प्रत एका अंकाने बदलली की तेज साधारण अडीचपट बदलतं, पाच अंकांनी बदलली की बरोबर शंभरपट. छतावरच्या ठिपक्याचा उजेड त्याच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणजे अडीचपट उजेडासाठी व्यास साधारण दीडपटीहून थोडा जास्त लागतो. खसखशीपासून वाटाण्यापर्यंत व्यास दर पायरीला जवळपास तसाच वाढत जातो. स्वयंपाकघरात ही तेजश्रेणी तयारच होती.

बाजारात मिळणाऱ्या पाकिटातल्या पाच टोकांच्या चांदण्या मी आणू दिल्या नाहीत, आणि यावर मी ठाम होते. त्या सगळ्या एका मापाच्या असतात आणि वाटेल तिथे चिकटवल्या जातात. अशा छताखाली वाढलेलं मूल एक दिवस खऱ्या अंधारात गेलं तर त्याला वरचं काहीच ओळखीचं वाटत नाही. छतावर आकाश आणायचं तर ते एका ठिकाणचं, एका तारखेचं, एका वेळेचं आणावं. मृग मृगाच्या जागी, कृत्तिका कृत्तिकांच्या जागी.

दादाचं घर पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे. तिथल्या गच्चीवरून स्वच्छ रात्रीसुद्धा मोजायला बसलं तर तारे काही डझनांच्या पुढे जात नाहीत. गच्च अंधाऱ्या माळावर एका वेळी दोन-अडीच हजार तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. २०१६ साली कृत्रिम उजेडाचा जागतिक नकाशा प्रसिद्ध झाला, त्यानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त माणसांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. आमची आई माण तालुक्यातल्या गावात अंगणात झोपून वाढली. ती सप्तर्षींना ‘बाज’ म्हणते. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर, मागचे तीन म्हणजे ती बाज पळवायला आलेले चोर. मृगाच्या पट्ट्याला ती तिकांडं म्हणते. तिच्या नातीला हे शब्द गोष्टीतले म्हणून माहीत होते, बोट वर करून दाखवायची जागा मात्र नव्हती. म्हणून छत.

कोणत्या क्षणाचं आकाश काढायचं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. दादाला लेकीच्या जन्मवेळेचं हवं होतं, पण ती दुपारी जन्मली! शेवटी आईने सुचवलं, नरकचतुर्दशीची पहाट. वर्षातला हा एक दिवस असा, की अख्खं घर अंधारात उठतं. दुसऱ्या दिवशी नाहीतर त्याच दिवशी अमावास्या, त्यामुळे चंद्राचा अडथळा नाही. २०२४ ची नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला होती. ‘स्टेलेरियम’ या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीत आम्ही पुणे, ३१ ऑक्टोबर, पहाटे पाच असं घातलं. मिथुन डोक्यावर, मृग नैर्ऋत्येला कललेला, व्याध दक्षिणेला निम्म्याहून वर, त्याच्या खूप खाली क्षितिजाकडे अगस्त्य. पश्चिमेला कृत्तिका, पूर्वेला मघा, ईशान्येला आईची बाज शेपटाकडून उभी. हिवाळ्यातलं सगळं वैभव एकाच वेळी वर असण्याची ही वेळ आहे.

आता छत. खोली दहा बाय दहा फुटांची, आणि आपल्याकडच्या कुठल्याही खोलीसारखा बरोबर मध्ये पंखा. परदेशी पुस्तकांतल्या सूचनांमध्ये पंखा नसतोच, त्यामुळे या अडचणीचं उत्तर आमचं आम्हालाच काढावं लागलं. मग लक्षात आलं की ही अडचण नाहीच. डोक्याच्या अगदी वरच्या बिंदूला खमध्य म्हणतात. खमध्य पंख्याच्या दांडीवर धरला की दांडी हाच कंपासचा खिळा. दांडीला सैल गाठ मारून सुतळी बांधली, सुतळीवर दर दीड सेंटिमीटरला एक अंश अशा खुणा केल्या. खमध्यापासून क्षितिजापर्यंत नव्वद अंश, म्हणजे एकशे पस्तीस सेंटिमीटर. दोन मीटर सत्तर सेंटिमीटर व्यासाचं आकाश छतावर नीट मावलं. प्रत्येक ताऱ्याची दिशा आणि उंची संगणकावर दादा वाचायचा, मी स्टुलावरून सुतळी त्या दिशेला ताणायची, भाची खालून ओरडायची, ‘आत्या, अजून थोडी डावीकडे!’ आणि मी पेन्सिलीने टिंब करायची. पंख्याच्या दांडीवरच्या वाटीखाली मिथुनेतला एक मंद तारा गेला, तेवढंच नुकसान.

दिशेत एक खाच आहे, तीत भलेभले पडतात. जमिनीच्या नकाशात उत्तर वर धरली की पूर्व उजवीकडे येते. आकाशाच्या नकाशात ती डावीकडे येते, कारण आपण तो खालून बघतो. नकाशा हातात धरून टेबलावर बघितला तर चुकल्यासारखा वाटतो, डोक्यावर धरला की बरोबर बसतो. ओळखीच्या एका घरी हीच चूक झालेली मी पाहिली. त्यांनी पलंगावरच्या छतात फायबरचे तारे बसवून घेतले होते. काम करणाऱ्याने जिप्समचा बोर्ड जमिनीवर पालथा टाकला, नकाशा मागच्या बाजूने चिकटवला आणि तिथूनच भोकं पाडली. बोर्ड वर चढवल्यावर सगळं आकाश आरशातलं झालं. मृग सुबक होता, पण त्यातला डावीकडचा काक्षी तारा उजवीकडे आणि उजवीकडचा राजन्य डावीकडे. पट्ट्याची रेघ डावीकडे खाली व्याधाकडे जायला हवी, ती उजवीकडे गेली होती. त्या घरच्या बाईंनी ते कितीतरी महिने बघितलं आणि काही खटकलं नाही. मी दाखवल्यावर त्यांना जे वाईट वाटलं ते बघून मी का बोलले असं मला झालं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या भव्य छतावरचं १९१३ सालचं आकाशही असंच बहुतेक उलटं आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना त्याने थोडा धीर आला.

फायबरचं काम आपल्याकडे कसं होतं ते बघायला मी मुद्दाम एका कारागिराच्या मागे दोन दिवस होते. प्लास्टिकचे केसांसारखे धागे असतात, पाऊण मिलिमीटरचे, एक मिलिमीटरचे, थोडे जाड. बोर्डात बारीक बिटने भोकं पाडायची, मागून धागा घालायचा, डिंकाचा थेंब द्यायचा, आणि पुढे आलेलं टोक धारदार पात्याने पृष्ठभागाशी समपातळीत कापायचं. मागे शेकडो धाग्यांचा एकच जुडगा बांधून त्याचं तोंड एका एलईडी दिव्याच्या पेटीत बसवायचं. पेटीत फिरणारी चकती असली तर तारे लुकलुकतात. धाग्यातून वीज जात नाही, उष्णताही नाही. फक्त उजेड धाग्याच्या आतल्या भिंतीला आपटत आपटत पुढे जातो. कारागिराने मला एक धागा दिला आणि म्हणाला, ‘ताई, टोक डोळ्यापाशी नेऊ नका, पण बोटाजवळ धरून बघा.’ गार होतं. मग त्याने तोच धागा झटक्यात वाकवला. वाकलेल्या जागी एक उजळ ठिपका पेटला आणि टोक मंदावलं. ‘इथून उजेड गळला. म्हणून वळण मोठं द्यायचं.’ दुसरी गोष्ट त्याने तीन वेळा सांगितली: दिव्याची पेटी जिथे असेल तिथे झाकण ठेवायला लावा. दिवा कधीतरी जाणारच, तेव्हा अख्खं छत फोडावं लागू नये.

वाकड्या वाटेने उजेड नेण्याची ही युक्ती पक्की करण्यात आपल्या माणसाचा मोठा हात आहे. पंजाबातल्या मोग्यात जन्मलेले, आग्र्यात शिकलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करत होते. काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेता येतं हे त्या दोघांनी १९५४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. ‘फायबर ऑप्टिक्स’ हा शब्द रूढ केला तो कपानींनीच. त्यांचं नाव आपल्या मुलांना माहीत नसतं. माझ्या भाचीला आता माहीत आहे.

आम्ही मात्र रंगाची वाट धरली. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक वस्तूला ‘रेडियम’ म्हणतात. नंबरप्लेट करणाऱ्यांची रस्त्याकडेची दुकानं ‘रेडियम आर्ट’, मुलांच्या चांदण्या ‘रेडियमच्या’. त्यात आज रेडियमचा कणही नसतो, पण या शब्दामागे एक खरी आणि दुखरी गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घड्याळाच्या तबकड्यांवरचे आकडे खरोखरच रेडियम घातलेल्या रंगाने काढत. १९१७ पासून अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात तरुण मुली हे काम करत होत्या आणि कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत होत्या. त्यांची हाडं, जबडे सडले. कामगारांच्या हक्कांच्या इतिहासात त्यांच्या खटल्याला मोठं स्थान आहे. मुलांच्या खोलीत काही लावताना मला त्या मुलींची आठवण होते, म्हणून हे लिहिलं.

आजची भुकटी वेगळी. आधी तांब्याचा अंश घातलेलं झिंक सल्फाइड वापरत, ते घटका दोन घटका हिरवट चमकून विझे. १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने युरोपियम आणि डिस्प्रोसियम या दुर्मीळ मूलद्रव्यांचा अंश घातलेलं स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट आणलं. त्यात उजेडाने उचललेले इलेक्ट्रॉन जणू खड्ड्यांत अडकून पडतात आणि खोलीच्या साध्या उबेने एकेक करून बाहेर येताना प्रकाश देतात. त्यामुळे चमक जास्त आणि रात्रभर पुरणारी. या पदार्थाला निळा नि अतिनील उजेड लागतो. पिवळट दिव्याखाली तास घालवला तरी तो अर्धपोटी राहतो, पांढऱ्या दिव्याखाली वीस मिनिटांत पोट भरतं.

पहिला प्रयत्न माझ्या हाताने बिघडला. शिल्लक राहिलेल्या डिस्टेंपरमध्ये मी भुकटी कालवली आणि एका पुठ्ठ्यावर मृग काढून बघितला. पहिल्या रात्री अंधुक दिसला, आठवड्याने मेला. कारणं दोन होती. डिस्टेंपर अपारदर्शक, तो आतला उजेड आतच ठेवतो. दुसरं, लेप न दिलेली ही भुकटी पाण्यात विघटित होते. पाणी लागलं की चमक कायमची जाते. मग पेंटरदादांना विचारलं. ते म्हणाले, ‘ताई, पाण्याचं नको, लाकडावर मारतात तसलं पारदर्शक वॉर्निश घ्या.’ तसं केलं. दाट कालवण, आगपेटीची काडी, दाभण, आणि खसखशीसाठी गोधडीची सुई. वाटीतला दाणा छताला टेकवून मी आकार ताडायची आणि मग तेवढा थेंब द्यायची. चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे घेतले. मानेला इतकी रग लागली की शेवटच्या दिवशी दादाने दोन टेबलं जोडली आणि मी उताणी पडून सिंह राशी पुरी केली. आकाशगंगा भाचीने केली, टेबलावर उभी राहून. कोरड्या ब्रशला नावापुरता रंग लावून, ब्रह्महृदयापासून मिथुन आणि मृगाच्या मधून व्याधाच्या डाव्या अंगाने खाली. दिवसा पांढऱ्या छतावर यातलं काहीच दिसत नाही.

छतावर आकाश मांडण्याच्या वेडाचा मूळपुरुष शोधायचा तर नेदरलँड्समधल्या फ्रानेकर गावी जावं लागतं. ८ मे १७७४ ला चंद्र, बुध, शुक्र, मंगळ आणि गुरू आकाशात जवळ आले. ग्रह एकमेकांवर आदळतील आणि पृथ्वी कक्षेतून सुटून सूर्यात जाईल अशी भीती पसरली. आयसे आयसिंगा हा तिथला लोकर विंचरणारा माणूस. ग्रह असे फिरतात आणि घाबरण्यासारखं काही नाही, हे दाखवायला त्याने आपल्या राहत्या खोलीच्या छतात सूर्यमाला बसवायला घेतली. सात वर्षं लागली. हाताने केलेले हजारो खिळे लाकडी चाकांना दाते म्हणून ठोकले, वर माळ्यावर ती चाकं आणि त्यांना चालवणारं लंबकाचं घड्याळ. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. निळ्या छतावर सोनेरी ग्रह खऱ्या वेगाने फिरतात: पृथ्वीला वर्ष, शनीला एकोणतीस वर्षांहून जास्त. १७८१ मध्ये काम पुरं झालं आणि त्याच वर्षी विल्यम हर्शेलने युरेनस शोधला. त्याला त्या छतात जागा नव्हती. आयसिंगाचं छत आजही चालू आहे. २०२३ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. योगायोग असा की त्याच वर्षी आणखी एका छताची शंभरी भरली. २१ ऑक्टोबर १९२३ ला म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये झाइस कंपनीच्या वाल्टर बावर्सफेल्डच्या यंत्राने घुमटावर पहिल्यांदा तारे टाकले. पुण्यातलं टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलचं तारांगण १९५४ चं, मुंबईचं नेहरू तारांगण १९७७ चं, ही सगळी त्याचीच वंशावळ. जपानच्या ताकायुकी ओहिराने तर खेळणी बनवणाऱ्या कंपनीबरोबर २००५ मध्ये घरात ठेवण्याजोगं छोटं तारांगण आणलं. ज्यांना रंगकाम जमणार नाही त्यांनी असं काही घ्यावं, ज्यात ताऱ्यांच्या जागा खऱ्या असतात. लेझरचे हिरवे ठिपके छतभर उधळणारे दिवे मला पटत नाहीत. त्यात कुठलंच आकाश नसतं, आणि लहान मुलं त्या झरोक्यात डोळा लावून बघतात.

पहिल्या रात्री दिवा घालवल्यावर दादा निराश झाला. ‘एवढंच?’ मी म्हटलं, थांब. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मोबाइल बाहेर ठेवले, पडदे ओढले, आणि पाचही जण जमिनीवर सतरंजीवर आडवे झालो. पाच मिनिटांत व्याध आणि रोहिणी. दहाव्या मिनिटाला मृगाची चौकट. मग खसखस हळूहळू उगवायला लागली, जणू कुणी आत्ता पेरली. सरळ बघितलं की ती नाहीशी होते, थोडं बाजूला बघितलं की दिसते, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या ऐन मध्यभागी नसतात. आकाश बघणारे लोक बाहेरही असंच तिरकं बघतात. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाज वर याय लागलीय.’ ती फक्त बघत होती.

उकडत होतं म्हणून वहिनीने उठून पंखा एक नंबरवर लावला. पाती ताऱ्यांवरून सावकाश जायला लागली आणि मिथुन, मृगाचा वरचा भाग, सगळं लुकलुकायला लागलं. कडेचे तारे स्थिर, मधले थरथरते. खऱ्या आकाशात हे उलट असतं. तिथे क्षितिजाजवळचे तारे जास्त लुकलुकतात, कारण त्यांचा उजेड जास्त हवेतून येतो. तरीही त्या क्षणी कुणी पंखा बंद करू दिला नाही.

३१ ऑक्टोबरला पहाटे उटणं, पहिली आंघोळ, आणि पाच वाजता आम्ही गच्चीवर. फटाक्यांचा धूर अजून फार चढला नव्हता. शहराच्या उजेडात खसखस आणि नाचणी बाहेर कुठेच नव्हती. मोहरी, ज्वारी, तूर आणि वाटाणा तेवढे होते, आणि भाचीला तेवढे पुरे होते. दोन मिनिटांत तिने मृग, व्याध, रोहिणी, ब्रह्महृदय बोटाने दाखवले. मग तिचं बोट अडलं. रोहिणीच्या वर, बैलाच्या शिंगांपाशी, व्याधापेक्षाही ठळक असं काहीतरी. आणि पुनर्वसूच्या जवळ एक तांबूस. ‘आत्या, हे दोन आपल्या छतावर नाहीत.’

ते नव्हतेच. मी फक्त तारे घेतले होते. पहिला गुरू, दुसरा मंगळ. त्या दिवशी फराळानंतर दोघांसाठी पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या, गुरूला वाटाण्याहून मोठी, रंग लावला, आणि काढता-लावता येईल अशा चिकटपट्टीवर त्या जागच्या जागी बसवल्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा ती दादाला स्टूल धरायला लावते आणि संगणकावर बघून चकत्या सरकवते. प्रत्येक जागी पेन्सिलीने तारीख. मंगळ थोड्या महिन्यांनी मिथुनेतून निघून गेला आणि पुढे छताच्या कडेवरूनही उतरला. गुरूने मात्र तिला आधी बुचकळ्यात टाकलं, कारण तो पुढे जायच्या ऐवजी मागे रोहिणीकडे यायला लागला. ‘वक्री’ हा शब्द तिने आजीच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता. फेब्रुवारीत तो थांबला, वळला, आणि मग जोरात निघाला. श्रावणात बाहेर ढगच ढग होते, पण आत तो पंख्याच्या वाटीला घासून पलीकडे गेला.

२०२५ च्या ऑक्टोबरात तो पुनर्वसूच्या खाली आला, आदल्या दिवाळीच्या जागेपासून दोन वीत पुढे. त्या वर्षीची नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरला होती. त्या पहाटेसाठी भाचीने आधीच एक छोटं वर्तुळ काढून ठेवलं होतं, आणि नोव्हेंबरात तो पुन्हा वक्री होणार म्हणून वर्तुळाच्या पुढे थोडी जागा मोकळी सोडली होती.